साधी रोपं, फुकट न्या

आपल्या हातून चूक झाली तर ती कबूल करायला कात्रीची कधीच ना नव्हती. फक्त तिच्या मते तसा प्रसंग आजवर आलेला नव्हता.

कात्री हे अर्थातच टोपणनाव. वीस वर्षं तिनं फुलांच्या दुकानात काढली. हात आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगानं चालायची, म्हणून मालकानं ते नाव ठेवलं आणि तिनं ते पदवीसारखं मिरवलं. सकाळी फुलांची खोकी उघडली की ती समोर उभी राहायची आणि एक घाव दोन तुकडे करायची. हे ठेवा, हा गाळ. वाकडा दांडा, कमी पाकळ्या, उतरलेला रंग, सगळं गाळाच्या बादलीत. तिनं बादलीत टाकलेलं फूल पुन्हा उचलून बघायची कुणाची हिंमत नव्हती, मालकाचीही नाही.

लग्नही तिनं असंच केलं. दुकानात फुलं पोचवणारा एक गाडीवाला होता. तीन वर्षं तो रोज खोकी उतरवायचा आणि "इथं ठेवू?" एवढंच विचारायचा. अडतिसाव्या वर्षी एका सकाळी तिनंच त्याला विचारलं, "लग्न करायचंय का?" तो म्हणाला, "चालेल." त्यानंतरही तो फारसा बोलत नव्हता, पण कात्रीला त्याची अडचण वाटली नाही. दोघांपुरतं बोलायला ती एकटी पुरेशी होती.

घरात आणखी एक माणूस होतं, नवऱ्याची थोरली बहीण. साठीची, बिनलग्नाची, गुडघे कामातून गेलेले पण आवाज खणखणीत. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. कात्री मात्र पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणायला लागली.

"अगं, अक्का म्हण की सरळ. वन्सं काय? नाटकात काम करतेस का?"

"मग! एवढी नणंद-भावजयीची भूमिका मिळालीय, सोडते होय!"

अक्काला हसू आवरलं नाही, आणि तिथून दोघींचं जमलं. म्हणजे दिवसातून चार वेळा खटके उडायचे, पण जेवायला कुणी एकीनं दुसरीवाचून सुरुवात केली नाही.

घरामागे तीन बाजूंनी भिंत असलेली बाग होती आणि तिच्यावर हे घर चालायचं. त्यात मानाचं पीक एकच. हातभर उंच रोप, त्यावर भरगच्च फुलांचा तुरा, वास लवंगेसारखा. रंग वांगी रंगाच्याही पुढचा, जवळजवळ काळा. घरात त्याला नुसतं तुरा म्हणत. असा रंग दुसऱ्या कुणाकडे नव्हता. सासऱ्यांनी बावीस हंगाम खपून तो तयार केला होता, आणि जाताना ते लेकीकडे दोन गोष्टी ठेवून गेले. एक बियांची बाटली आणि एक नियम. फुलं हवी तितकी विका, बी मात्र भिंतीबाहेर जाता कामा नये. अक्कानं तो नियम असा पाळला की समोरच्या शिंप्याशी, ज्याला गल्ली मास्तर म्हणायची, तिचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. त्यानं एकदा चिमूटभर बी मागितलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून अक्का कपडे शिवायला तीन गल्ल्या पलीकडे जायची, दुखरे गुडघे घेऊन.

दरवर्षी अर्धी बाटली पेरायची आणि अर्धी कपाटात ठेवायची, ही रीत. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात कात्रीला ती काही पटली नाही.

"एवढं बी कपाटात ठेवून त्याचं लोणचं घालायचंय का? दोन वाफे करू. मागणी आहे, जागा आहे, मी आहे."

"आणि काही झालं तर?"

"मी असताना काय होणार आहे?"

अक्कानं कपाटातून बाटली काढली. "जबाबदारी घेतेस?"

"घेतली."

आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं बाटली उलटी केली आणि तळाशी चिकटलेलं बीसुद्धा टिचकी मारून काढलं.

रोपांना कळ्या दिसायला लागल्या तेव्हाच अक्काच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. आधी इस्पितळ, मग तिथून जवळ मावसबहिणीकडे व्यायामासाठी, असे पाच आठवडे. जाताना तिनं वहीभर सूचना लिहून ठेवल्या. पाणी किती, मावा पडला तर काय, शेजारचं मांजर वाफ्यात लोळलं तर काय. एक गोष्ट तेवढी लिहिली नव्हती, कारण ती लिहायची असते हेच तिला सुचलं नाही. चूल पेटवायला काडी लागते, असं कुणी वहीत लिहितं का?

दहाव्या दिवशी दोन्ही वाफे फुलले आणि कात्रीचं डोकं फिरलं. अर्ध्या रोपांवर तुरे असे की बघत राहावं. उरलेल्या अर्ध्यांवर चार-चार पाकळ्यांची किरकोळ फुलं. रंग तोच, वास तोच, पण रस्त्याकडेच्या तणाला येतात तशी चपटी, मधे पिवळा ठिपका.

भेसळ, तिनं ठरवलं. वन्संच्या बाटलीत भेसळ! वय झालं, नजर गेली, कुठलं तरी रानटी बी मिसळलं आणि बिचारीला कळलंही नाही. कात्रीला राग आला नाही, वाईट वाटलं. एवढ्या अभिमानाची बाई परत येऊन हे बघेल तेव्हा तिच्या जिवाला काय वाटेल? त्यापेक्षा ती यायच्या आत सगळं निस्तरलेलं बरं. हे तिनं प्रेमापोटीच केलं, हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे तसं वाटायचं नाही.

"अर्धा वाफा गाळ आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "उपटू?"

"तुला कळतं," नवरा म्हणाला. वडिलांनी बियांचं सगळं लेकीला शिकवलं होतं. लेकाला फुलं दिसायची ती एकदम गाडीत भरल्यावरच.

एका सकाळी तिनं एकशे चाळीस रोपं उपटली. वाफे ओले होते, त्यामुळे रोपं मातीच्या गोळ्यासकट निघाली आणि तिथेच तिचा हात अडखळला. दुकानातल्या फुलांना मुळं नसायची. ही जिवंत होती. बादलीत टाकवेनात. मग तिनं ती खोक्यांत भरून फाटकाबाहेर ठेवली आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: साधी रोपं. फुकट न्या. फुकट म्हटल्यावर गल्लीला फुलांची आवड एकाएकी उत्पन्न झाली. दुपारपर्यंत तीसेक रोपं गेली. उरलेली उन्हानं माना टाकून बसली, ती तिनं खताच्या खड्ड्यात ढकलली.

नंतरचे तीन आठवडे वाफे असे दिसत होते की कात्री कामाशिवायही तिथे जाऊन उभी राहायची. मोकळी झालेली जागा तुऱ्यांनी भरून काढली. कुठेही नजर टाका, उणं म्हणून नाही. एका बुधवारी ती अशीच उभी असताना अक्काचा फोन आला.

"शेंगा धरल्या का गं?"

"कसल्या शेंगा?"

"तुऱ्याच्या. खालून धरायला लागल्या असतील बघ आता. जाळी टाक, पाखरं टोचतात."

कात्रीनं वाकून बघितलं. शेंगबिंग काही दिसेना. "बघते हं. वन्सं, आधी कुठल्या झाडांना धरतात?"

"साध्यांना! दुसऱ्या कुठल्यांना?" अक्का हसली. "भरगच्चाच्या पोटात असतं काय? नुसत्या पाकळ्या. बी देतं ते साधं झाड. त्याचं पेरलं की निम्मी साधी निघतात, निम्मी भरगच्च. बाबा म्हणायचे, एक मिरवतं आणि एक घर चालवतं. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"रविवारी येते घरी. नव्या गुडघ्यांनी."

फोन ठेवल्यावर कात्रीनं एक भरगच्च फूल तोडलं आणि पाकळी पाकळी सोलायला घेतलं. पाकळीच्या आत पाकळी, तिच्या आत आणखी एक. एकतीस पाकळ्या निघाल्या आणि शेवटी बोटांत हिरवं देठ तेवढं उरलं. केसर नाही, काही नाही. वीस वर्षं अशी लाखो फुलं हातांखालून गेली, पण एकाच्याही आत तिनं कधी बघितलं नव्हतं. कपाटातली बाटली रिकामी होती, कारण तिनं ती रिकामी करायला लावली होती. भिंतीच्या आत साधं झाड एकही नव्हतं, कारण तिनं ते ठेवलं नव्हतं. बावीस हंगामांचं काम आणि वन्संचं अख्खं आयुष्य, एका सकाळीत गाळाच्या बादलीत. ती वाफ्याच्या कडेला मटकन बसली.

पण हातपाय गाळून बसणं तिच्या पिंडात नव्हतं. पाच मिनिटांत ती उठली. खताचा खड्डा उपसून पाहिला, तिथे नुसता काळा लगदा झाला होता. मग तिनं हात धुतले, केस बांधले आणि गल्लीत पहिलं दार वाजवलं.

बेकरीवाल्याच्या बायकोनं नेलेलं रोप भट्टीच्या भिंतीला ठेवलं होतं. त्याचा पार पापड झाला होता. निवृत्त बसवाहकानं फुलं तोडून ग्लासात ठेवली आणि रोप फेकून दिलं. "फुलंच हवी असतात ना माणसाला?" तो म्हणाला. आठवडाभरापूर्वी कात्रीही हेच म्हणाली असती. दातांच्या डॉक्टरकडच्या बाईनं इतक्या मायेनं पाणी घातलं होतं की मुळं कुजून गेली. कुणाचं कुत्र्यानं उकरलं, कुणाचं आपोआप वाळलं. वाढलेली रोपं उपटून पुन्हा लावली की शंभरात दहा-बाराच जगतात. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी सगळी गल्ली पालथी घालून झाली आणि एकच दार उरलं, समोरचं.

मास्तरांचं मशीन खिडकीशी होतं. खिडकीत पत्र्याच्या चार डब्यांत चार रोपं उभी होती, सावलीला जुन्या अस्तराचा पडदा लावलेला. वर चार-चार पाकळ्यांची फुलं आणि खाली बोटाएवढ्या हिरव्या शेंगा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"मास्तर, ही रोपं मला परत हवीत."

मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. पायानं टेबलाखालून एक पुठ्ठा पुढे सरकवला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"काय लिहिलंय?"

"फुकट न्या."

"मी नेली." टाके पुरे झाले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अकरा वर्षं दर हंगामाला तुमचे तुरे विकत घेतोय. वाळवले, चोळले, पेरले. एक कोंब आला नाही. मला वाटायचं, तुझी नणंद फुलं उकळून विकते. आता पहिल्यांदा शेंगा बघतोय माझ्या खिडकीत, आणि म्हणतेस परत दे?"

क्षणभर कात्रीच्या मनात आलं, एक डबा उचलावा आणि धूम ठोकावी. साठीचा माणूस धावून धावून किती धावेल? पण तिनं हात मागे घेतला. "काय केलं म्हणजे द्याल?"

"काही नको. तिला येऊन माग म्हणावं. बस."

रविवारी नवऱ्यानं अक्काला गाडीतून हात देऊन उतरवलं. अक्का काठी टेकत पहिली बागेकडेच निघाली. कात्री दारात आडवी उभी राहिली.

"वन्सं, आधी ऐका. मी साधी रोपं उपटली. सगळी. मला वाटलं भेसळ आहे. बाहेर ठेवून लोकांना वाटली, उरलेली खड्ड्यात कुजली. बाटली पेरायचा हट्टही माझाच होता. माझंच चुकलं, माझ्या एकटीचं." एका दमात सांगून झालं. हे शब्द तोंडातून काढायची सवय नसल्यामुळे तिला वाटलं होतं, जड जाईल. तसं झालं नाही. जड होतं ते अक्काच्या चेहऱ्याकडे बघणं.

अक्का तिला बाजूला करून आत गेली आणि वाफ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. दोन्ही वाफे या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी भरलेले होते. मधे एकही साधं फूल नव्हतं, एकही फट नव्हती. वास भिंतींमध्ये कोंडला होता. तिचे डोळे वाहायला लागले, ते तिनं पुसलेही नाहीत.

"वन्सं, ओरडा तरी माझ्यावर."

"ओरडेन. आधी बघू दे." बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाबांनी असा वाफा जन्मात कधी पाहिला नाही. मीही नाही. निम्मी साधी ठेवावीच लागायची ना, म्हणून वाफा कायम निम्माच सजलेला असायचा. हे असं दिसतं होय सगळं!" मग तिनं नाक पुसलं आणि तिचा आवाज जागेवर आला. "बावळट! वीस वर्षं फुलांत काढलीस आणि फुलाच्या पोटात काय असतं ते माहीत नाही? आता बोल. एखादं जगलंय का कुठं?"

"चार जगलीत. शेंगाही आहेत." कात्री म्हणाली. "पण मास्तरांकडे. ते म्हणतात, तुम्ही येऊन मागा."

अक्का काठीशी चाळा करत बसली. मग उठली.

रस्ता वीस पावलांचा होता. तो ओलांडायला तिला अकरा वर्षं लागली होती आणि त्या दिवशी वर दहा मिनिटं. मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी खुर्ची पुढे केली. अक्का बसली आणि खिडकीतल्या डब्यांकडे बघत राहिली.

"मागायला आलीस?" शेवटी मास्तरांनीच विचारलं.

"आधी एक सांग. याचं बी धरशील, पेरशील. निम्मी भरगच्च निघतील, निम्मी ही अशी साधी. साध्यांचं काय करशील?"

"करायचं काय? उपटेन. भरगच्च ठेवेन."

अक्कानं कात्रीकडे बघितलं. कात्रीनं मान खाली घातली. मग अक्कानं मास्तरांना सगळं सांगितलं. भरगच्च फूल पोकळ असतं, बी साधंच देतं, शेंग झाडावर पिकून तपकिरी होईपर्यंत हात लावायचा नाही, वाळवायची ती सावलीत. बाबांनी तिच्या कानात सांगितलेलं एक एक वाक्य, दार सताड उघडं असताना, खणखणीत आवाजात. बोलता बोलता तिनं छाती भरून श्वास घेतला, तसा कात्रीनं तिला कधी घेताना बघितलं नव्हतं.

"म्हणजे मी पुढच्या वर्षी मूळच उपटलं असतं," मास्तर म्हणाले.

"उपटलं असतंस. आणि मी बाटली कपाटात धरून बसले असते, आणि एक दिवस मी गेले की तीही गेली असती. चाळीस वर्षं भिंतीच्या आत जपलं ते एका सकाळीत गेलं. जे ही बाहेर टाकून आली, तेच राहिलं." अक्का थांबली. "मला निम्म्या शेंगा दे. मागतेय."

मास्तरांनी चारांतले दोन डबे उचलून मशीनच्या फळीवर ठेवले. "हे तुझे. पण पिकेपर्यंत हलवू नकोस, इथंच राहू देत. रोज येऊन बघत जा."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे," अक्का म्हणाली.

ती रोज गेली. पहिल्या आठवड्यात काठी घेऊन, तिसऱ्यात काठी विसरून. शेंगा पिकल्या तेव्हा तिनं बाटली कात्रीच्या हातात दिली आणि म्हणाली, "जबाबदारी घेतलीयस ना? मग तूच भर." कात्रीनं एक एक बी बोटाच्या टोकानं उचलून आत सोडलं. बाटलीचा तळही झाकला गेला नाही, पण झाकण लावताना तिनं ते दोनदा आवळून बघितलं.

पुढच्या हंगामात दोन घरांत एकाच दिवशी पेरणी झाली, वाफ्यात आणि पत्र्याच्या डब्यांत. कळ्या आल्यावर कात्री रोज सकाळी पहिलं काम म्हणून वाफ्याशी उकिडवी बसायची. एक तुरा उमलला, भरगच्च. दुसराही भरगच्च. तिसरा, चौथा. देखणे होते सगळे, पण ती शोधत होती ते चार पाकळ्यांचं फूल. साधं एकही नाही. पाचव्या दिवशी तिचं जेवणात लक्ष नव्हतं. अक्का वाढत होती.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून मास्तरांची आरोळी आली. शिंप्याच्या छातीत एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"अक्का! कात्री! साधं आलं! माझ्याकडे साधं आलं!"

कात्री हातातला घास तसाच टाकून अनवाणी धावत सुटली. तिच्या मागून, काठीशिवाय, अक्का.